मागच्या बाकाची बाई

"बाई, पाणी प्यायला जाऊ?"

मी किंचाळलेच! खडू हातातून पडून त्याचे तुकडे झाले. कॉलेज सुटलेलं, वर्ग रिकामा, म्हणून मी बिनधास्त शिकवत होते... आणि मागच्या बाकावर हा लेकाचा आडवा पडून ऐकत होता. बी.एड.ला माझ्याच वर्गात, पण कधी बोलले नव्हते मी त्याच्याशी.

"तुम्ही... केव्हापासून आहात इथे?"

"सावली म्हणजे काय, तिथपासून. छान शिकवता की! मग मुलांसमोर काय होतं?"

मला रडूच फुटलं. गेल्या वर्षी शेवटच्या पाठाला मुलांसमोर उभी राहिले आणि वाचाच बसली. परीक्षक बघताहेत, मुलं खुसखुसताहेत... मी चक्क पळून आले होते. यंदाही तसंच झालं तर पदवी विसरायची, शिक्षिका होणंही विसरायचं. आणि लहानपणी उशा मांडून त्यांना शिकवणाऱ्या मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

त्याने थट्टा केली नाही. ताठ बसला, बोट वर केलं.

"बाई, सावलीला भूक लागते का?"

त्या दिवसापासून तोच माझा वर्ग झाला. चुळबुळ करायचा, जांभया द्यायचा, "बाई, हा मला चिमटे काढतो," म्हणून शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवायचा. मी रागावले की असा काही चेहरा करायचा की... जाऊ दे! 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

घरी मी आरशासमोर पाठ घोकत बसायचे. "आरसा पास झाला गं," वहिनी म्हणायची, "आता तू हो!"

पाठाचा दिवस उजाडला. शाळेतला सातवीचा वर्ग, खिडकीशी परीक्षक बाई, आणि मागच्या बाकावर पाठाची नोंद घ्यायला, निरीक्षणाला बसलेला तो. मी त्याच्याकडे पाहिलं... आणि बोलायला लागले. जमत होतं! टॉर्च, चेंडू, भिंतीवर पडलेली गोल सावली, सगळं कसं झक्क चाललं होतं.

तो मात्र हसत नव्हता. त्याने डोळ्यांनीच पुढच्या बाकांकडे खूण केली. मी गोड हसले. त्याने पुन्हा खूण केली. मग तो उठला आणि सरळ दाराबाहेर निघून गेला!

पाठ चालू असताना निरीक्षणाला बसलेल्याने उठायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. परीक्षक बाईंनी पेन उचललं. भिंतीवरची गोल सावली थरथरायला लागली. मेले मी, आता मेले! दार उघडंच होतं... पळू?

"बाई..." पुढच्या बाकावरून आवाज आला. दोन वेण्यांची एक मुलगी. वर केलेला हात दुखायला लागला म्हणून तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. केव्हापासून वर होता कोण जाणे, मी पाहिलाच नव्हता! "अंधारात आपली सावली कुठे जाते?"

"तुला... तुला काय वाटतं?" मी कसंबसं विचारलं.

"झोपायला जाते!"

"हट्! अंधार म्हणजेच सावली असते, सगळ्यांची मिळून," कुणीतरी ओरडलं. मग काय, नुसता कल्ला! मी बाकांमधून फिरत, एकेकाला बोलतं करत राहिले. घंटा झाली तेव्हा लक्षात आलं, घाबरायचं राहूनच गेलं होतं.

"आधी कुणाला शिकवत होतात, देव जाणे," परीक्षक बाई निघताना म्हणाल्या. "नंतर मात्र वर्गाला शिकवलंत. पास आहात." दाराबाहेर तो उभा होता. त्याच्याकडे त्यांनी रोखून पाहिलं. "तुमचं आजचं निरीक्षण मी धरणार नाही."

त्या गेल्या तशी मी फणकारले, "जीव गेला असता माझा! का उठलास?"

"तू एकट्या मलाच शिकवत होतीस," तो खाली बघत म्हणाला. "एवढ्या पोरांत फक्त माझ्याकडे बघत होतीस. इतकं आवडत होतं मला ते... बसून राहिलो असतो तर तू नापास झाली असतीस."

माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"मला भीती वाटतेय," मी म्हणाले.

"आता कसली? पास झालीस की!"

"म्हणूनच. उद्यापासून सराव नाही. मग तू... कशाला येशील?"

त्याने वर पाहिलं.

"येईन," तो म्हणाला. "सराव नसला तरी येईन. रोज येईन. तू म्हणालीस तर... जन्मभर."

मी त्याचा हात धरला. माझ्या हातापेक्षाही गार पडला होता.

"म्हणतेय की," मी म्हणाले.