बंपर, खिंड आणि अडलेली गाय

आमची मोहीम एका गाईसाठी होती, हे आधीच सांगून टाकते. दादाच्या तोंडून ऐकाल तर ती बंपरसाठी होती असं वाटेल!

डोंगरमाथ्यावरच्या कुरणात एक मावशी गुरं राखते. आम्ही जेवायला बसलो होतो आणि तिचा फोन आला. तिची पहिलारू गाय सकाळपासून अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आला होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

"डॉक्टरीणबाई, लवकर या हो! लेकीसारखी वाढवलीय मी तिला!" एवढं बोलून मावशी रडायलाच लागली.

डॉक्टरीणबाई म्हणजे माझी वहिनी. जनावरांची डॉक्टर. ती भरल्या ताटावरून उठली आणि तिनं बॅग उचलली. "अंधार पडायच्या आत पोचलो तर दोघं वाचतील," ती म्हणाली. "नाहीतर वासरू जाईल आणि मागोमाग गायही."

वर जायचं तर फोर-व्हील ड्राइव्हशिवाय इलाज नाही आणि आमच्या घरात ती गाडी म्हणजे दादाचा जीव की प्राण. दादा माझा थोरला भाऊ. कशालाही हात लावल्याशिवाय त्याला राहवत नाही. धड चाललेला नळ तो दुरुस्त करतो आणि मग तो नळ गळायला लागतो. नेमका त्याच सकाळी त्यानं गाडीचा मूळचा, काहीही न बिघडलेला बंपर काढून बाजारातून आणलेला लोखंडी बंपर चढवला होता. चांगला रुंद, दोन्ही बाजूंनी कानांसारखा बाहेर आलेला! वर दोन पिवळे फॉग लाइट. मेकॅनिककडे जायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटतो. पान्याला लांब पाइप लावून त्यानं नट असे आवळले की गाडी कण्हली.

"या जन्मी सुटायचे नाहीत!" तो अभिमानानं म्हणाला.

दिव्यांना वीज कुठून दिली, हे आम्ही विचारलं नाही. दादाची एक रीत आहे. काम फत्ते झालं की तो हॉर्न वाजवतो. त्यानं बटण दाबलं, लगेच हॉर्न वाजवला, दिवे झगझगले आणि आम्ही बावळटांसारख्या टाळ्या वाजवल्या.

तर निघालो! दादा स्टिअरिंगवर, वहिनी शेजारी, मी मागं बॅग आणि हत्यारांची पेटी सांभाळत. गाव मागं पडलं, डांबर संपलं आणि झाडी सुरू झाली. उंच झाडांमधून उन्हाचे कवडसे रस्त्यावर सांडले होते, खाली ओढा वाजत होता आणि ओल्या पानांचा वास गाडीत भरला होता. एका वळणावर झाड आडवं पडलेलं दिसलं. दादाच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. त्यानं लो गिअर टाकला, बंपर खोडाला टेकवला आणि ते हळूहळू कडेला ढकललं.

"बघितलंस? जुना असता तर भुगा झाला असता!"

वहिनी घड्याळाकडे बघत म्हणाली, "अहो, कौतुक नंतर. चला."

घाट चढायला लागलो आणि धुकं उतरलं. इतकं दाट की हेडलाइटचा नुसता पांढरा पडदा झाला आणि बॉनेटचं टोक दिसेना! उजवीकडे दरी होती. होती म्हणजे असणार, कारण दिसत तीही नव्हती.

"आता बघा गंमत," दादानं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. दिवे बंदच!

तेवढ्यात समोर काहीतरी काळं हललं. रानडुक्कर! दादानं घाबरून हॉर्नवर हात मारला आणि अहो आश्चर्य, दोन्ही दिवे भक्कन पेटले! डुकरानं आमच्याकडे एकवार पाहिलं आणि कुटुंबकबिल्यासह धूम ठोकली. दादानं हात काढला. दिवे गेले.

"दादा," मी म्हणाले, "वायर कुठून घेतलीस?"

"जी हाताला लागली ती."

"हॉर्नची?"

"असेल," तो पुटपुटला.

झालं! हॉर्न वाजेल तोवरच उजेड. मग तो भोंगा अखंड वाजवत आम्ही घाट चढलो. पाखरं उडाली, माकडं शिव्या देऊ लागली, माझ्या कानांचे पडदे फाटायची वेळ आली. पण पुढची चार हात वाट दिसत होती!

आणि मग खिंड आली. दोन प्रचंड शिळांमधली चिंचोळी फट. यापूर्वी गाडी इथून दर वेळी अंग चोरून गेली होती. दादानं बंपर मोजून घेतला होता. खिंड मात्र मोजली नव्हती.

खाडकन आवाज झाला. गाडी थांबली. बंपरचे दोन्ही कान दोन्ही शिळांना भिडले होते.

"चालत जाऊ," मी म्हणाले.

"चालत गेलो तर पोचेपर्यंत अंधार," वहिनी म्हणाली. "बंपर काढा."

"अगं, पण—"

"काढा!"

दादानं गाडी मागं घेतली. नट फॉग लाइटच्या पट्ट्यांमागे दडले होते, म्हणून आधी दिवे सोडवले. मग नट. एक सुटला. दुसरा सुटला. शेवटचा हलेना! दादा पाइपला लोंबकळला. मीही लोंबकळले. नट ढिम्म. वहिनीनं बॅगेतून लिक्विड पॅराफिन तेलाची बाटली काढून त्यावर रिकामी केली. "एरवी गाईच्या पोटात जातं हे," ती म्हणाली आणि सरळ पाइपवर उभी राहिली. कर्रर्र! नट फिरला आणि तिघंही चिखलात.

दादानं तो बंपर स्वतः ओढत नेऊन झुडपात टाकला. मागं वळूनही पाहिलं नाही. त्या क्षणी मला माझ्या भावाचा फार अभिमान वाटला.

दिवे मात्र वायरींना लोंबत होते. मी बॉनेटवर बसले आणि दोन हातांत दोन दिवे धरले. माझ्या कंबरेला बांधलेली दोरी धरून दादा पुढं चालला, वहिनीनं स्टिअरिंग घेतलं. पोंऽऽऽ! इंच इंच सरकत आम्ही खिंड पार केली! पलीकडे धुकं विरलं आणि समोर कुरण उघडलं. मावशी गोठ्याच्या दारातच उभी होती.

"जिवंत आहे अजून!" ती ओरडली.

गोठ्यात गाय मान टाकून पडली होती. वहिनीनं खांद्यापर्यंत हात घातला, वासराला आत ढकललं, दुमडलेला पाय शोधला, खूर मुठीत धरून हळूच बाहेर आणला. दोन्ही पायांना दोरी बांधून तिनं ती दादाकडे दिली.

"गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं. मी थांबा म्हटलं की थांबायचं. इथं आवळाआवळी चालणार नाही."

"ओढा!" दादानं ओढलं. "थांबा!" तो थांबला. "ओढा!"

वासरू बाहेर आलं. निपचित. श्वास नाही!

वहिनीनं त्याचं नाक साफ केलं, अंग खसाखसा चोळलं, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. मावशीनं माझा हात आवळून धरला होता. वहिनीनं पुन्हा काडी फिरवली.

वासरू शिंकलं!

मावशी रडत हसली. गाईनं मान उचलली आणि ती ओल्या वासराला चाटायला लागली. दादा ढसाढसा रडत होता आणि त्याला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

थोड्या वेळानं वासरानं मागचे पाय ताठ केले, पुढचे फाकवले आणि ते धाडकन तोंडावर पडलं. दादा लगेच पुढं झाला.

"अहो, हात लावू नका," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "त्याचं त्याला जमेल."

वासरू पुन्हा उठू लागलं. पुन्हा पडलं. दादानं दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले, ओठ चावला, पण तो जागचा हलला नाही. वासरानं जोर केला, डुगडुगलं, तोल सावरला.

आणि उभं राहिलं.