लाल तार, काळी तार

"इथे मोटर वाइंडिंगवाले कुंडलिक कुठे बसतात?"

मी चारकोपच्या आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत ग्राइंडर उघडून बसले होते. ही खोली म्हणजे बाबांचं वर्कशॉप. डिप्लोमा झाल्यावर मी नोकरी न धरता दुरुस्तीची कामं घ्यायला लागले, तेव्हापासून ते माझं झालं. जुलै संपत आला होता. ग्राइंडर लावला की घरभरची वीज जायची आणि आतून आई, "गार्गी, परत?" असं विचारायची.

"गावाला गेलेत. गणपतीनंतर येतील," मी मान वर न करता म्हटलं.

"वाट लागली..." दारातला मुलगा पुटपुटला. मग ग्राइंडरकडे बघून म्हणाला, "मोटरमध्ये ओल शिरलीय. बल्ब लावून सुकव."

ते मला माहीत होतं. म्हणूनच राग आला. "तुला विचारलं का कोणी?"

"नाही. पण मी दिवसभर होडीवर असतो ना. आमच्याकडे सगळ्यालाच ओल शिरते."

मी वर बघितलं. बाहीवरून पाणी निथळत होतं आणि तो हसत होता. उगाचच. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलाखाली गेला, तो शोधायला मी जरा जास्तच वेळ लावला.

त्याचं नाव प्रितम. मढजवळच्या भाटी गावचा. होडीवरचा वायरलेस सेट ऐकायला ठीक चालायचा, पण बोलायला बटण दाबलं की बंद पडायचा. बॅटरी नवी होती. मासेमारीची बंदी आठ दिवसांत उठणार होती.

"दोष बॅटरीत नसेल, मधल्या तारेत असेल. मी येऊन बघते."

"तू?"

"का, कुंडलिककाका गणपतीनंतर चालतील?"

दुसऱ्या दिवशी मालवणीवरून, आक्सा मागे टाकत, त्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. तो सेटचं बटण दाबायचा, मी मीटरने एकेक जोड मोजत जायचे. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट, सेटपाशी जेमतेम नऊ.

"मीटरकडे बघतेस तशी माणसांकडे पण बघतेस का?" त्याने विचारलं.

"माणसं खोटं बोलतात. मीटर नाही बोलत."

"मग मी गप्पच बसतो."

पण गप्प बसला नाही... आणि मला ते आवडत होतं. संध्याकाळपर्यंत दोष सापडला. काळी तार वरून ठणठणीत होती, सोलल्यावर आत तांब्याची हिरवी भुकटी निघाली.

तिसऱ्या दिवशी मी नवी तार टाकली. मधला फ्यूज तपासणीपुरता काढून तिथे साधा तारेचा तुकडा जोडला होता, फक्त शेवटचा जोड बाकी होता. तेवढ्यात भाविका चहा घेऊन होडीवर चढली. मासळी विकायला आईबरोबर बसणारी, प्रितमच्या शेजारची. केसात अबोली, चालताना होडी हलली तरी तोल न जाणारी. तिने न विचारता प्रितमच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला, न विचारता त्याचं कुलूप उघडलं, आणि त्याच्या गालावरचं ऑइल पदराने पुसून टाकलं. दोघं त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. मला अर्धं कळलं. अर्धं न कळलेलंच जास्त टोचलं.

तो तिच्याकडे बघून हसला. त्या पहिल्या दिवसासारखाच.

माझ्या हाताखाली फट् असा आवाज झाला... आणि जळका वास आला.

लाल तार मी काळीच्या जागी लावली होती.

"काय झालं?" प्रितमने विचारलं. मी झटकन तारा सोडवल्या आणि तोंडातून निघून गेलं, "सेट आतूनच गेलेला होता."

त्याचे वडील, चंदूकाका, खालून म्हणाले, "वायरलेस नाय तं होरी दर्यात नाय जायाची. तूच खोलला होतास ना गेल्या वर्षी?" प्रितमने मान खाली घातली. माझी चूक त्याने स्वतःवर घेतली, आणि मी तशीच उभी राहिले.

"आमच्या भावाचा जुना सेट पडलाय घरात. तो लाव," भाविका म्हणाली.

प्रितमने तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती बघून मी जळलेला सेट पिशवीत टाकला आणि रिक्षा धरली.

दोन दिवस तो सेट माझ्या टेबलावर होता. आत एक डायोड आणि सर्किटवरच्या तांब्याच्या पट्टीचा तुकडा, एवढंच जळलं होतं. दोन्ही बदलले. सेट बोलायला लागला. मी प्रितमला फोन केला.

"भावाचा सेट चालतच नाहीये, आणि तू मेलेला उठवलास?" तो म्हणाला. "हातात जादू आहे यार तुझ्या."

किती सोपं होतं ते. नुसतं "हो ना" म्हणायचं आणि ती जादू ठेवून घ्यायची. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी सेट पिशवीत घालून भाटीला गेले. होडीवर प्रितम होता आणि भाविका, जाळ्याच्या दोऱ्या सोडवत. ती जाईपर्यंत थांबावं असं वाटलं, पण थांबले असते तर बोललेच नसते.

"सेट आधी गेलेला नव्हता. मी जाळला. तारा उलट्या लावल्या आणि खोटं बोलले."

प्रितम बघतच राहिला. "उलट्या? तू?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

मी भाविकाकडे बघितलं. 

"मला म्हाईत होतं," भाविका शांतपणे म्हणाली. "मला दिसलं होतं, लाल तार कुठे चाललीय ते. लहानपणापासून होड्यांवर वावरते मी. थांबवता आलं असतं."

"मग थांबवलं का नाहीस?" प्रितमने विचारलं.

"ती तुझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे." तिने दोरीची गाठ घट्ट ओढली. "वाटलं, चुकू दे एकदा. तू रोज आमच्याकडे येऊन गार्गी गार्गी करतोस."

 मग भाविका माझ्याजवळ आली आणि पिशवीतला सेट हातात घेऊन न्याहाळला. "चांगला केलास," म्हणाली, आणि उतरून गेली. वाळूवरून जाताना तिने मागे वळून बघितलं नाही. मला तिचा हेवा वाटायचा थांबला नव्हता, पण आता त्यात लाजही होती.

प्रितमने दोऱ्या बाजूला सारल्या. मग म्हणाला, "बाबांना सांगावं लागेल, तुझी चूक."

"मी सांगते."

"आणि भाविकाशी मला बोलायचंय. नीट. तिला असं आशेवर ठेवून चालणार नाही."

"हो."

"मग मी चारकोपला येईन." तो थांबला. "कामाशिवाय."

"ये," मी म्हटलं. "पण रोज काय बोलायचास माझ्याबद्दल, ते आधी सांग."

त्याचे कान लाल झाले. तो माझ्या शेजारी, ओल्या फळीवर, अगदी चिकटून बसला... आणि सांगायला लागला.