चार पांढरे दोरे

वारा सुटला की दुकानाची पाटी कुरकुरायची, आणि पाटी कुरकुरली की भिंगरीचं डोकं फिरायचं. त्या दिवशी सकाळपासून ती कितीदा तरी दारापर्यंत जाऊन पाटीकडे डोळे वटारून आली होती. शेवटी तिनं स्टूलच बाहेर आणलं, दोन खिळे ओठांत धरले आणि हातोडी घेऊन वर चढली.

"दुरुस्तीवाले आहेत का आत?" खालून कुणीतरी विचारलं.

"दुरुस्तीवाली बाहेर आहे," ती खिळ्यांच्या आडून म्हणाली. "वर बघा."

"वर नाही बघत. वारा फार आहे... आणि तुमचा झगा—"

भिंगरीनं एका हातानं झगा गच्च धरला, तशी हातोडी सटकली आणि स्टूल डुगडुगलं. खालच्या माणसानं पाय पुढे टाकून स्टूल दाबून धरलं. हातानं धरता येत नव्हतं, कारण दोन्ही हातांनी त्यानं एक लांबट काळी पेटी छातीशी कवटाळली होती. मान मात्र वळवलेलीच. रस्त्याकडेच्या गटाराकडे इतक्या निष्ठेनं बघणारा माणूस भिंगरीनं तोवर पाहिला नव्हता.

"उतरले मी," ती खाली येऊन म्हणाली. "आता बघितलंत तरी चालेल."

त्यानं बघितलं. आणि मग जरा जास्तच वेळ बघितलं.

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथेच राहिलं. आईवडील गेल्यावर काका-काकूंनी तिला वाढवलं आणि एका जागी न ठरणाऱ्या या पोरीला काकूनं भिंगरी म्हटलं, तेच चिकटलं. काकांचं रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान. काकांची नजर अधू झाल्यापासून बारीक काम सगळं तिच्याकडे. हात तेवढे तिचे स्थिर, बाकी सगळी चुळबुळ. सुट्टीच्या दिवशी ती कुठल्याही बसमध्ये बसायची, शेवटच्या थांब्याला उतरायची, तिथून पुढे रस्ता कुठे जातो ते टाचा उंचावून बघायची आणि काळोख पडायच्या आत मुकाट्यानं परत यायची.

त्यानं टेबलावर पेटी उघडली आणि भिंगरी पुढे वाकली.

आत गिटार होती. पिकलेल्या चेरीच्या रंगाची, दिव्याखाली ओली असल्यासारखी चमकणारी. उंदराच्या कानांसारखे दोन गोल खांदे, अंगानं सडपातळ, तारांच्या दोन्ही बाजूंना व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार छिद्रं, आणि खाली चार सोनेरी बटणं.

"विजेची गिटार, आणि तिला व्हायोलिनची छिद्रं?" भिंगरी म्हणाली. "एकदा काय ते ठरवा म्हणावं."

"तीच तर तिची गंमत आहे." तो हसला. "कडेनं पोकळ, मधून सलग लाकडाचा ठोकळा. सगळी पोकळ असती ना, तर लाउडस्पीकरजवळ नेली की कोल्ह्यासारखी ओरडत सुटली असती. आणि सगळी भरीव असती, तर सांगितलं तेवढंच बोलली असती. ही श्वास घेते... पण तोल सोडत नाही."

"म्हणजे अर्धी पोकळ."

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी सध्या पूर्ण बेकार."

तिला हसू फुटलं. मग कळलं की तो नाचाच्या हॉलमध्ये वाजवत असे. तो हॉल आता फर्निचरचं गोदाम होणार होता. बंदरात एक मोठं प्रवासी जहाज लागलं होतं, त्याच्या बँडला गिटारवाला हवा होता. शुक्रवारी बँडमास्तर वाजवणं ऐकणार. पसंत पडलं तर चार महिने समुद्रावर, आणि मग पुढची फेरी, आणि त्याच्या पुढची... आणि नेमकी आत्ताच गिटार खरखरायला लागली होती, मधेच मुकी होत होती.

"पाठीला झाकण कुठाय हिच्या?"

"नाहीये."

"मग आतल्या वायरींना हात कसा लावायचा?"

"त्या छिद्रांतून," कोपऱ्यातून काका म्हणाले. ते डोळे मिटून बसले होते, पण कान उघडे होते. "बटणांखालचे चारही पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या चकत्या, वायरींसकट छिद्रातून बाहेर काढायचे. डाग देऊन झाले की प्रत्येकाला दोरा बांधायचा, आत सोडायचा आणि बटणाच्या भोकातून दोरा ओढत ओढत जागेवर आणायचा. चार पॉटना चार रंगांचे दोरे, म्हणजे अदलाबदल होत नाही. आणि ज्याला घाई असेल त्यानं हात लावू नये."

हे शेवटचं कुणासाठी होतं, ते भिंगरीला बरोबर कळलं.

गिटारवाला दुसऱ्या दिवशी आला, नुसता बघायला. तिसऱ्या दिवशीही नुसता बघायलाच आला. भिंगरी काम करता करता उठायची, खिडकी लावायची, परत उघडायची, पक्कड शोधायची, जी तिच्या खिशातच असायची.

"अहो, जरा बसाल का?"

"बसलेच तर आहे."

"तुम्ही उभ्या आहात."

"मग तुम्ही मान खाली घाला. ते तुम्हाला छान जमतं."

काकू चहा ठेवायला आली आणि तिनं भिंगरीच्या कपाळाला हात लावून बघितला. "आज बराच वेळ एका टेबलाशी आहेस. बरं वाटतंय ना गं?"

"काकू!"

काकू गेल्यावर भिंगरीनं गिटारच्या छिद्रात डोळा लावला. आत काळोख होता, जुन्या लाकडाचा गोड वास होता.

"जहाज कुठं कुठं जातं हो?" तिनं छिद्रात बघत बघतच विचारलं.

"कोण जाणे. मी विचारलंच नाही. मला तलावातल्या होडीत बसलं तरी मळमळतं."

"मग कशाला चाललात?"

बाहेर वाऱ्यानं कुणाच्या तरी पत्र्याचा आवाज झाला.

"हॉल तर बंदच झाला," तो म्हणाला. "इथे थांबायचं, तर... काहीतरी कारण हवं ना."

भिंगरीनं मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता आणि या वेळी त्यानं मान फिरवली नाही. तिच्या हातातली डाग द्यायची तापलेली कांडी बोटाला टेकली. "आई गं!" बोट तोंडात घालून ती उठली, बसली, पुन्हा उठली. काकूच्या शिवणाच्या डब्यापर्यंत जाऊन रंगीत दोरे आणायला हवे होते, पण टेबलावर पांढरं रीळ होतं. तिनं त्याचेच चार तुकडे तोडले. राहील की लक्षात, एवढं काय! मग पॉट जागेवर बसवून, चारही बटणं शेवटपर्यंत फिरवून तिनं तारा छेडल्या. आवाज खणखणीत आला. तिनं गिटार त्याच्या हातात दिली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मन लावून वाजवा."

शुक्रवारचा दिवस संपता संपेना. भिंगरीनं स्क्रू निवडले, पुन्हा एकत्र केले. एक चांगला चालणारा रेडिओ उगाचच उघडला. गिटारवाल्याला जहाजावर घेतलं तर तो जाणार. नाही घेतलं तर त्याचं तोंड उतरणार. यातलं काय व्हावं, ते तिचं तिलाच कळेना, आणि न कळणं तिला मुळीच सोसत नसे. दिवेलागणीला पाऊस आला आणि पावसाबरोबर तोही आला, निथळत. कोट त्यानं पेटीवर पांघरला होता.

"काय झालं? निवड झाली?"

"आधी हे ऐका."

त्यानं गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, तारा छेडल्या आणि आवाज कमी करायचं बटण फिरवलं. आवाज तेवढाच राहिला, पण तोंडावर उशी दाबल्यासारखा घुसमटला. शेजारचं, सूर मऊ करायचं बटण फिरवलं. आवाज पार बुडाला.

पॉटची अदलाबदल! भिंगरीनं टेबलावरच्या पांढऱ्या रिळाकडे बघितलं. दोरे...

"बँडची गायिका हळू गायला लागली, म्हणून मी आवाज खाली आणायला गेलो," तो म्हणाला. "तिनं माझ्याकडे असं बघितलं की तिथेच धक्क्यावरून ढकलते की काय!" तो थांबला. "एक विचारू? मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम?" भिंगरीचा पारा चढला. "वेडा आहेस का तू? मुद्दाम करायचं असतं तर वायरच नसती कापली? माझ्या हातचं काम मी असं... चूक झाली माझी. रंगीत दोरे आणायला उठले नाही. एरवी ढीगभर वेळा उठते!"

तो भांडेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचा चेहराच पडला.

"म्हणजे चूकच झाली," तो म्हणाला.

"चूकच."

"बरं." तो पेटीचं झाकण लावायला लागला.

"बरं काय? ओरड की माझ्यावर!"

"ओरडू कशाला? येताना सगळा रस्ताभर मला वाटत होतं... मुद्दाम केलं असेल. मी जाऊ नये म्हणून. भिजत होतो, पण... बरं वाटत होतं."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. भिंगरी उभी होती तिथेच उभी राहिली. असं उभं राहणं तिच्या पायांच्या सवयीचं नव्हतं.

"निवड झाली की नाही, ते सांगितलंच नाहीस."

"झाली. उलटी बटणं तिथल्या तिथे सांभाळून घेतली, म्हणून बँडमास्तर खूश झाले. उद्या सकाळी काय ते कळवायचंय."

"मग आण ती इकडे. अशी समुद्रावर न्यायची नाही."

या वेळी काकूच्या डब्यातून लाल, निळा, हिरवा आणि पिवळा दोरा आला. पॉट आत सोडायला तिचे दोन्ही हात लागत होते, म्हणून बाहेरची टोकं त्यानं धरली. मधे गिटार, अलीकडे ती, पलीकडे तो. तिच्या कपाळावरची बट त्याच्या हनुवटीला लागत होती.

"ढील दे... हं. आता निळा ओढ. हळू रे!"

"हळूच ओढतोय. तू श्वास घे."

"तू दोऱ्याकडे बघ."

"आता उठू नकोस हं," तो म्हणाला. "उठलीस तर सगळं आत पडेल."

"मला शिकवतोस?"

"नाही. तू उठणार नाहीस, म्हणून आत्ताच विचारून घेतो. मी जाऊ नये असं तुला वाटतं का?"

भिंगरीची बोटं थबकली.

"नाही वाटत," ती म्हणाली.

निळा दोरा सैल पडला.

"सोडू नकोस रे! पुढचं ऐक की. 'जाऊ नकोस, बस, थांब' हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तेच मी तुला कशी म्हणू? मला काय हवंय, ते विचार."

"काय हवंय?"

"मला घेऊन चल."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "कुठे?"

"जहाज जाईल तिथे. एकटी मी कुठेही जाऊन येते रे. सगळ्या बसचे शेवटचे थांबे बघून झालेत माझे. पण परत आल्यावर काय बघितलं ते सांगावं असं कुणी नसतं. तू इथे यायला लागलास तेव्हापासून... मला सगळं तुलाच सांगावंसं वाटतं."

"अगं, मी इथे थांबायचं कारण शोधत आलो," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "आणि तूच निघालीस! मला बोट लागते गं!"

"मला नाही लागत. मी बघेन तुझ्याकडे."

"पण असं कसं नेता येईल? म्हणजे आधी..." तो अडखळला. "लग्न झालेल्यांना जहाजावर वेगळी खोली मिळते, असं बँडमास्तर म्हणत होते. मी काही विचारलं नव्हतं. म्हणजे... विचारलं होतं."

भिंगरी हसायला लागली. हसता हसता डोळे भरून आले, आणि हात गुंतलेले, पुसायची सोय नाही. त्यानं चारही दोरे एका मुठीत घेतले आणि मोकळ्या हाताच्या बाहीनं तिचे डोळे पुसले. बाही भिजलेलीच होती, त्यामुळे गाल आणखीच ओले झाले.

"ही फेरी तू एकटा कर," ती नाक ओढत म्हणाली. "तोवर काकांच्या हाताखाली कुणीतरी तयार करते. दुसऱ्या फेरीला मी."

"चार महिने? तुला धीर धरवेल?"

"नाही धरवणार. पण धरेन."

"नट आवळलेस का गं?" आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला. दोघंही दचकली.

"आवळतेय, काका."

"आवळ. आणि त्याला सांग, सकाळी बंदरावरून थेट माझ्याकडे ये. कपडे बदलून. ओल्या माणसाशी मी असलं बोलणं करत नाही."

गिटारवाल्यानं तारा छेडल्या, बटण फिरवलं. आवाज हळूहळू खाली आला, एखाद्यानं कानाशी येऊन बोलावं तसा मऊ, आणि तिथेच ठरला. तो दाद घ्यायला वळला, तर भिंगरी टेबलाशी नव्हतीच. ती जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून वर हाका मारत होती.

"काकू, माळ्यावरची ती मोठी ट्रंक आहे का गं अजून?"

"आहे की," वरून काकू म्हणाली. "तू या घरात आलीस ना, तेव्हापासून रिकामीच ठेवलीय."