जवसाच्या तेलाला मासळीचा वास

जवसाच्या तेलाला मासळीचा वास येतो का? छे. आमच्या निवृत्तीअण्णांच्या घाण्यावर मात्र आला, आणि त्या माणसानं गळ्यातली माळ काढून ठेवली.

त्याचं असं झालं. उजनी धरणाच्या पाण्यात माझे माशांचे पिंजरे आहेत. पिंजऱ्यातल्या माशांच्या खाद्यात माशांचंच तेल घालावं लागतं. ते निघतं समुद्रातल्या बारक्या मासळीतून, आणि ती तर आता मिळेनाशी झालीय. म्हणून संशोधन केंद्रानं मला जवसाची पोती दिली. 'याचं तेल घालून बघा' म्हणाले. सोबत मैना नावाचं बोलकं यंत्र दिलं. जेवणाच्या डब्याएवढं, पण एकदा बोलायला लागलं की थांबत नाही.

पोती अण्णांच्या घाण्यावर टाकली. घाणेवाल्याची एक रीत असते. नवं तेल उतरलं की पहिला थेंब बोटानं जिभेवर ठेवायचा. अण्णांनी ठेवला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"बाबू, काय चाखवलंस मला? मासळी आहे ही."

अण्णा माळकरी. तुळशीची माळ घातल्यापासून माशाला शिवलेले नाहीत. त्यांनी घाणा थांबवला, माळ काढून फडताळात ठेवली. "बाटलो मी. आता ती घालायचा मला हक्क नाही." दुपारी भाकरीही खाल्ली नाही.

त्यांची नात वेणू सहावीत. तिनं मैनेला मांडीवर घेतलं.

"मैना, ह्या तेलात मासा आहे?"

"नाही."

"मग वास कसला?"

"तेलात मेदाम्लं असतात (कार्बनचे मणी ओवल्यासारख्या बारीक साखळ्या). साध्या जवसातल्या बहुतेक साखळ्या अठरा मण्यांच्या. माशाच्या तेलात वीस, बावीस मण्यांच्याही असतात, आणि त्या जागोजागी वाकलेल्या असतात. तशा साखळ्या ह्या जवसातही आहेत, आणि हवा लागली की त्या लवकर तुटतात. त्या तुकड्यांचा हा वास."

वेणूनं फडताळाकडं बघितलं. "अण्णा, माळ घ्या ना हातात. मणी मोजायचेत."

"आधी हात धू."

"मी शिवतच नाही. तुम्हीच धरा."

अण्णांनी कुरकुरत माळ धरली. वेणूनं लांबूनच बोटानं अठरा मणी मोजले. "इथवर आपलं जवस. मैना, पुढचे चार कोण ओवतं?"

"विकर (पेशीतले कारागीर). एक विकर दोन-दोन मणी जोडतं, दुसरं साखळीला वाक देतं. कुठलं विकर कसं घडवायचं ते जनुकात असतं (पेशीसाठी लिहून ठेवलेली कृती). जवसाकडे ही जनुकं नव्हती. शास्त्रज्ञांनी बाहेरून आणून बसवली. ती फक्त बियांत काम करतात, पानाफुलांत नाही."

मी म्हटलं, "झालं. माशातूनच आणली असणार."

अण्णांचा हात खाली आला. वेणूनं माझ्याकडं डोळे वटारले.

"बाबूकाका, थांबा जरा. मैना, कुठून आणली जनुकं?"

"समुद्रातल्या बारीक शेवाळातून."

"माशातून का नाही?"

"कारण समुद्रातल्या बहुतेक माशांना ह्या साखळ्या स्वतः फारशा बनवता येत नाहीत. बनवतं शेवाळ. शेवाळ खातात बारके जीव, आणि त्यांना खातो मासा."

अण्णांनी हळूच विचारलं, "म्हणजे हे तेल मुळात माशाचं नव्हेच?"

"नाही. माशाला ते खाण्यातून मिळतं. ह्या जवसानं मासा मधून वगळला, एवढंच."

अण्णा माझ्याकडं वळले. "जन्म गेला तुझा मासे धरण्यात. एवढं ठाऊक नव्हतं होय रे?"

"अण्णा, मी मासा धरतो. काय जेवलास म्हणून विचारत नाही त्याला."

म्हातारा हसला. माळ कपाळाला लावली, गळ्यात घातली आणि म्हणाला, "वेणू, भाकरी आण गं."

घाणा पुन्हा फिरू लागला. तेल उतरलं की वेणू डब्याचं झाकण घट्ट लावते, हवा लागू देत नाही, त्यामुळं वासही कमी झालाय. माझे मासे ह्या तेलावर बरे वाढतायत. मैना म्हणते, असं जवस शेतोशेती पिकलं तर समुद्रातली बारकी मासळी समुद्रातच राहील.

पहिला थेंब अजून अण्णाच चाखतात. एकादशीला तेवढं मला बोलावतात. शेवाळाकडून शिकलेलं तेल उपासाला चालतं का, असं वेणूनं मैनेला विचारलं होतं. ती बडबडी मैना तेव्हा पहिल्यांदा गप्प बसली.