गाडी छान, माणूस कच्चा

दार उघडलं तर समोर एक भिजलेला तरुण उभा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लाल रंगाचं काहीतरी... वरून माणूस, खालून गाडी, आणि धड एकही नाही.

"नासिरभाईंचं घर हेच ना? मी अकिब, पोलादपूरचा. कुवेतवरनं पार्सल आणलंय तुमचं," असं म्हणत त्याने ते लाल प्रकरण हळूच पाठीमागे लपवलं.

ही गोष्ट २००१ सालची. दसरा जवळ आला होता आणि परतीचा पाऊस महाडच्या गल्ल्यांमधून अजून रेंगाळत होता. माझा भाऊ नासिर तेव्हा कुवेतला होता. आमच्यात गल्फहून जो कुणी सुट्टीवर येतो, तो आपल्याबरोबर चार घरांची पार्सलं घेऊन येतो. पण एक रीत ठरलेली – बांधलेलं पार्सल कुणी घेत नाही. आधी उघडून आत काय आहे ते बघायचं, मगच आपल्या बॅगेत टाकायचं. विमानतळावर झडती झाली तर गळ्याशी कुणाच्या येणार?

अकिबनेही उघडलं होतं. भाभीचं कापड आणि अम्मीचा बाम तसाच ठेवला, पण माझ्या भाचीसाठी, आफियासाठी पाठवलेली गाडी बघून त्याला राहवलं नाही. ती गाडी वळवली की तिचा यंत्रमानव होत होता.

"उघडलंत ते ठीक," मी म्हणाले, "पण मोडलीत कशाला?"

"मोडली नाय ओ. माणूस केला... आता परत गाडी होत नाय."

"तिकडे काम काय करता तुम्ही?"

तो जरा घुटमळला. "गॅरेजात हाय. गाड्या दुरुस्तीच्या."

मी ओढणी तोंडावर धरली तरी हसू काही लपलं नाही. आतून अम्मी ओरडली, "नशरा, पाहुण्याला दारातच उभा ठेवलायस काय गो?"

मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. दिवसभर चिमुरड्यांच्या हातात खेळणी बघून मला एक खोड लागली होती. दिसेल त्या वस्तूला दहापैकी मार्क द्यायचे. चहाला, बांगड्यांना, लग्नातल्या बिर्याणीला, कशालाही. पडवीत बसून मी ती गाडी हातात घेतली आणि फिरवून फिरवून बघू लागले. आधी दारं मिटली, मग टप पुढे ओढला, शेवटी पाय उचलून बॉनेट केलं. झाली गाडी.

अकिब बघतच राहिला. गाडीकडे नव्हे. मला ते कळलं, म्हणून मी मान वर केली नाही.

"काय म्हणते परीक्षा?" त्याने विचारलं.

"एकही भाग सुटा होत नाही, म्हणजे हरवणार नाही की पोर तोंडात घालणार नाही. तीन वळणांत काम होतं, तेही चांगलं. पण दारं आधी मिटायची हे ती गाडी कुठेच सांगत नाही. त्यातच तुम्ही फसलात. आणि हे बघा..." मी पुन्हा माणूस करून तो लादीवर उभा केला. तो मागच्या मागे आडवा झाला. "सगळं वजन पाठीवर, आणि पाय एवढेसे. गाडी छान, माणूस कच्चा. दहापैकी सहा."

"हे खेळण्याबद्दलच बोलताय ना?"

"सध्या तरी."

आठवडाभरात तो पुन्हा हजर. म्हणे, महाडला काम होतं. कसलं काम ते त्याला सांगता येईना. गाडी मागून घेतली, खिशातून बहिणीची नेलपॉलिश काढली आणि दारांवर एक ठिपका, टपावर दोन, पायांवर तीन असे ठिपके दिले. टाचांना रबराचे तुकडे चिकटवले. आफियाने ठिपके बघत बघत एकटीने गाडी केली, मग माणूस केला. तो उभा राहिला.

"आता किती?" अकिबने विचारलं.

"आठ."

"आणि माझे?"

"तुमचा पेपर अजून तपासायचाय," मी म्हणाले, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या म्हणून आत पळाले.

नंतर बरेचदा महाडला त्याचं काम निघालं. मलाही पोलादपूरहून येणाऱ्या एसटीचा आवाज ओळखू येऊ लागला. आणि तेव्हाच मी घाबरले. कारण मी ठरवलं होतं की गल्फवाल्याशी लग्न करायचं नाही. माझे अब्बा सारं आयुष्य मस्कतला होते. दोन वर्षांनी दोन महिने घरी येणारा एक प्रेमळ पाहुणा, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख. अम्मी विमानाचा आवाज आला की अजूनही अंगणात जायची. मला तसं जगायचं नव्हतं.

पोलादपूरहून मागणं आलं, तेव्हा अम्मीला हर्ष झाला. मी म्हटलं, आधी मला त्याच्याशी बोलायचंय.

तो पडवीत बसला. आत अम्मी मुद्दाम भांडी वाजवत होती, म्हणजे आम्हाला मोकळेपणी बोलता यावं.

"परत जाणार?" मी थेट विचारलं.

"जावं लागेल. अजून वर्षाचा करार हाय."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर इकडेच गॅरेज टाकायचं मनात हाय. पण आज छातीवर हात मारून सांगू नाय शकत. तिकडं गेल्यावर माणूस अडकतो, मी बघितलंय."

"जाणार नाही म्हणाला असतात तर मी आत्ता हो म्हटलं असतं."

"ठाऊक हाय." तो खाली बघत होता. "तुम्ही मला आवडता, नशरा. लय आवडता. पण खोटं बोलून नाय न्यायचं तुम्हाला."

आत भांडी थांबली. पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. मला राग आला होता त्याचा, आणि त्याच क्षणी हेही कळलं होतं की याच्यावाचून मला करमणार नाही.

"एक वर्ष," मी म्हणाले. "त्यापुढे मी अंगणात येऊन आभाळाकडे बघणार नाही."

साखरपुडा झाला आणि तो गेला. ते वर्ष कसं काढलं ते माझं मला माहीत. फोनवर तो खुशाली विचारायचा, बाकी सगळं बोलायचा, पण करार वाढवणार की नाही, ते सांगायचा नाही. मीही विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

तो येणार त्या दिवशी मी बालवाडीत होते. आमच्याकडे माणूस गल्फहून येतो तेव्हा सगळं घर, शेजारपाजार दारात जमतो. आधी बॅगा उतरतात, मग माणूस, मग पेटी उघडली जाते. पोलादपूरला सकाळपासून तयारी चालली होती. मुंबईहून येताना महाड आधी लागतं, पण मधे उतरायची रीत नाही. म्हणून मी पोरांना गाणं शिकवत होते.

गाता गाता पोरं गप्प झाली. खिडकीबाहेर अकिब उभा होता, घामाघूम, हातात काहीच नाही.

"तुम्ही इथे? आणि सामान?"

"जीपमध्ये. गेलं पुढे पोलादपूरला."

"घरी सगळे वाट बघत असतील ना..."

"बघू देत. आईच्या आधी तुम्हाला सांगायचं होतं." त्याने खिडकीचा गज धरला. "करार संपला. नवीन नाय घेतला."

मला पोरांसमोर रडायचं नव्हतं. पण रडले. एक चिमुरडी येऊन माझी ओढणी ओढू लागली, आणि खिडकीबाहेर तो वेडा हसत उभा.

सासूबाई अजून हा राग विसरलेल्या नाहीत. घरात कुणीही नवीन पाहुणा आला की त्या सांगतात, "दारात जीप थांबली. सामान आलं, पेट्या आल्या, आणि माझा पोरगा महाडातच राहिला."

खरं आहे त्यांचं. राहिलाच तो.