सिन्नरचा अ‍ॅम्प्लिफायर

"हा लग्नाच्या मांडवात चालेल," असं दुकानदार कुंदन म्हणाला आणि निकिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवसभर सिन्नरच्या एमआयडीसीत पॅनल जोडायची आणि संध्याकाळी घरी हा अ‍ॅम्प्लिफायर. दोन वर्षं खपली होती ती त्याच्यावर. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या म्युझिक सिस्टिमच्या दुकानात तो विक्रीला ठेवतील का, एवढंच विचारायला अकरा किलोचं धूड मांडीवर घेऊन ती एसटीने आली होती. आणि या महाशयांनी तो लावूनसुद्धा पाहिला नव्हता!

"आधी ऐका तरी!"

"ऐकतो की." कुंदन हसला. गालाला खळी पडली... ही काय खळी पडायची वेळ होती? "पण आमचेही ऐका. सगळ्या नावाजलेल्या परदेशी कंपन्या : मॅकिंटॉशचा आवाज मधाळ, नेमचा चपळ, अ‍ॅक्युफेजचा अगदी नितळ. याला घराणं लागतं, मॅडम."

त्याने तिचा लावला, मग आपला लाडका अ‍ॅक्युफेज. त्यावर रेकॉर्डमधली बासरी जास्त खुलली खरी. निकिताचा चेहरा पडला. पण मनात शंका आली, तशी तिने मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप उघडलं आणि दोन्ही पुन्हा लावायला सांगितले.

"तुमचा दोन डेसिबलने मोठा वाजतोय! जरा मोठा वाजला की कुणाचाही गोड लागतो. ही तुलना की लबाडी?"

कुंदन कानापर्यंत लाल झाला. "लबाडी नाही हो... मला खरंच—"

खरंच त्याला ठाऊक नव्हतं. आठ वर्षं तो नॉब अंदाजाने फिरवत आला होता, आणि अंदाज दर वेळी लाडक्याकडे झुकत होता. आता त्याने दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला आणि डोळे मिटून बसला. निकिता मागे वायरी बदलत राहिली. कुठला कुणाचा, हे ओळखताना तो दहापैकी सहा वेळा चुकला. त्याच्या पापण्या लांब आहेत हे तिला नको असताना दिसलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"ठेवून जा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दोन दिवसांत कळवतो."

आठ दिवस झाले, फोन नाही. चूक कबूल करायला माणसाला मुहूर्त लागतो का? नवव्या दिवशी स्वारी थेट सिन्नरला, दारात उभी! मोबाइलवर फोटो होता : दुकानाच्या मधल्या फळीवर तिचा अ‍ॅम्प्लिफायर, शेजारी पाटी – 'निकिता, सिन्नर'.

"मला न विचारता नाव लावलंत?"

"विचारायलाच आलोय. गिऱ्हाइकांना आता डोळे मिटून ऐकवतो. दोघांनी तुमचाच मागितलाय."

"मग हे फोनवर सांगता आलं असतं."

"हो... पण दुसरं एक नसतं आलं."

आत तिच्या आईचं, मालनबाईंचं, भांडी घासणं एकदम थांबलं. कुंदन स्वतःच्या चपलांकडे बघत पुटपुटला, "मला... तुम्ही आवडता."

निकिताला शब्द न् शब्द ऐकू आला होता. पण आठ दिवसांचा राग असा फुकट सोडायचा होय?

"नीट ऐकू नाही आलं," ती घुश्शातच म्हणाली. "आवाज थोडा वाढवा. आज चालेल."