अक्काला उठवायला

न्यूयॉर्कच्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्यानं विलासराव नलवडेंना नेहमीचा प्रश्न विचारला, "कशासाठी आलात?"

"बहिणीला उठवायला," विलासरावांनी सांगितलं.

काही वर्षांपूर्वी या उत्तरावर त्यांना बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं असतं. अधिकाऱ्यानं मात्र मान डोलावली आणि शिक्का मारला. "माझी आई पुढच्या आठवड्यात उठतेय," तो म्हणाला. "चांगले जाड मोजे घेऊन जा. पाय फार गार पडलेले असतात त्यांचे."

विलासरावांनी विमानतळावरच लोकरीचे मोजे घेतले आणि बफेलोचं विमान पकडलं. मार्च संपत आला होता. न्यायला अक्काचा शेजारी स्टॅन आला होता. पंचाहत्तरीचा, उंच, मूळचा पोलिश. रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग अजून पडून होते आणि रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठानं गाड्या पांढुरक्या झाल्या होत्या. तरी एखाद्या अंगणात जांभळ्या फुलांनी माती फोडून डोकं वर काढलेलं दिसायचं. बऱ्याच दारांवर छोटे निळे दिवे लागलेले होते. त्या घरातलं कुणीतरी झोपलेलं आहे, अशी ती खूण. चौकात एक बाई शिडीवर चढून असा एक दिवा उतरवत होती.

"सरोवराची साखळी काल काढली," स्टॅन म्हणाला. ईरी सरोवराचा बर्फ नदीत घुसू नये म्हणून हिवाळाभर त्याच्या तोंडाशी लोखंडी पिंपांची साखळी बांधून ठेवतात. ती निघाली की बफेलोत वसंत आला असं धरतात, आणि शीतनिद्रेतल्या माणसांना उठवायलाही त्याच आठवड्यात सुरुवात करतात.

अस्वल हिवाळाभर झोपतं, त्याची मूत्रपिंडं जवळजवळ बंद असतात, आणि तरी वसंतात ते उठून चालू लागतं. त्याच्या रक्तातला हा गुण माणसाला देणारं औषध निघालं आणि थंड मुलखांतल्या आजाऱ्यांनी ते सर्वात आधी उचललं. माणूस झोपला की आजारही झोपतो. अक्काची मूत्रपिंडं फार दिवस टिकायची नव्हती, पण असे आठ हिवाळे झोपून काढून ती अजून होती. वयसुद्धा झोपेत थांबल्यासारखंच असतं. त्यामुळे दोन वर्षांनी मोठी असलेली अक्का शरीरानं आता विलासरावांपेक्षा लहान झाली होती. "अक्का, आता मला दादा म्हणत जा," असं ते फोनवर चिडवायचे. "आधी कान धर," असं ती म्हणायची. इतकी वर्षं बफेलोत काढूनही ती कोल्हापूरच्या बायकांसारखी 'आलो-गेलो'च करायची.

या झोपेत एकच अडचण होती. अंग औषधानं तापवता येतं, पण ओळखीचा आवाज कानावर पडल्याशिवाय मेंदू वर येत नाही. म्हणून प्रत्येकाला एक हाक मारणारा लागतो. अक्काला दर वर्षी तिचे यजमान अरविंदराव, म्हणजे विलासरावांचे दाजी, हाक मारत. स्वतःला ते ऐटीत 'हाककरी' म्हणवून घेत.

फेब्रुवारीत दारातला बर्फ उपसताना दाजी खाली बसले ते उठलेच नाहीत. स्टॅननंच त्यांना पाहिलं. अक्काला अर्धवट झोपेतून उठवणं तिच्या जिवावर बेतलं असतं, म्हणून तिच्याविनाच सगळं उरकलं. मूलबाळ नव्हतं. रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस होतं, कोल्हापुरात, विलासराव.

"अस्थी स्वयंपाकघरात ठेवल्यात, चहाच्या डब्याशेजारी," स्टॅन म्हणाला. "तो नेहमी तिथंच उभा असायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, झोपलेल्यांना हिवाळाभर ठेवतात त्या निद्रागृहात, डॉक्टर रीड भेटल्या. बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या.

"आठही वर्षं तिनं नवऱ्याचाच आवाज ऐकलाय," त्या म्हणाल्या. "तुमचा ऐकला तर तो आता नाही, हे तिला जाग येतायेताच कळेल. त्या क्षणी हृदय फार नाजूक असतं. त्याच्या फोनवरच्या निरोपांवरून आम्ही त्याचा आवाज बांधलाय. म्हणाल ते त्या आवाजात बोलवता येईल. ती सावरली की मग खरं काय ते सांगा."

विलासरावांना हे लगेच पटलं. आजाऱ्याला वाईट बातमी एकदम सांगायची नाही, हे त्यांच्या घरात लहानपणापासून चालत आलेलं. वडील गेले तेव्हा अक्कालाही आधी 'तब्येत बरी नाही, निघून ये' एवढंच कळवलं होतं. आताही त्यांनी विमानात बसूनच मनाशी जुळवलं होतं: दाजींना जरा बरं नाही, दवाखान्यात आहेत, भेटायला अजून परवानगी नाही.

"काय बोलवायचं? आधी नाव हवं," डॉक्टर म्हणाल्या. "स्वतःचं नाव सगळ्यात खोलवर पोचतं."

"विजयमाला, ऊठ," विलासराव म्हणाले. क्षणभरही विचार केला नाही.

अक्का पांढऱ्या पांघरुणाखाली सपाट पडून होती. चेहरा मेणासारखा होता आणि केस होते तसेच काळे-पांढरे. शेजारच्या पडद्यावर एक हिरवी रेघ हळूहळू सरकत होती. अंग हवं तेवढं तापल्यावर डॉक्टरांनी खूण केली आणि खोलीत दाजींचा आवाज आला.

"विजयमाला. ऊठ, विजयमाला."

तोच किंचित घोगरा सूर, शेवटी तोच हेल. पडद्यावरची रेघ उसळली. मग थांबली आणि आधीपेक्षाही खाली गेली. आवाज पुन्हा आला. रेघ आणखी खाली. तिसऱ्यांदा आला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातला दिवा पिवळा झाला.

"ती परत निघालीय," डॉक्टर झटकन म्हणाल्या. "गरम झालेलं शरीर पुन्हा झोपेत गेलं तर आम्हाला तिला आणता येणार नाही. तो असंच म्हणायचा ना?"

"तुम्ही ऐकलं नाहीत कधी?"

"हाक देताना आम्ही बाहेर थांबतो. तो घरच्यांचा वेळ असतो."

आणि तेव्हा विलासरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दाजींनी बायकोचं नाव घेतलेलं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. लग्नात उखाण्यासाठी मागे लागले तेव्हा घेतलं असेल तेवढंच. त्यांची हाक म्हणजे 'अगं'. 'अगं ए, चहा गार होतोय.' जन्मभर तेवढंच.

"चुकलं," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

"नवं वाक्य बांधायला वेळ लागेल. तेवढा वेळ नाही. तुम्ही बोला, आता!"

विलासराव पुढं झाले, पलंगाची कड धरली. "अक्का!" ते म्हणाले. "ए अक्का!" रेघ हलली नाही. दाजींना बरं नाही, दवाखान्यात आहेत, हे सगळं जुळवलेलं बोलणं कुठल्या कुठं गेलं. त्यांना नुसती भीती वाटत होती. कोल्हापूरच्या घरात संडास परसाच्या टोकाला होता, आणि अंधार पडला की लहानग्या विलासला तिथवर जायचं धैर्य होत नसे. तो अक्काला हलवायचा. ती कितीही गाढ झोपलेली असो, शिव्या देत का होईना, उठायची.

"अक्का," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "अक्का, मला भ्या वाटतंय गं."

रेघ थांबली. मग एक बारीक टोक वर आलं, त्याच्यामागं दुसरं. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, थांबू नका म्हणून. विलासराव थांबणार नव्हतेच. ते रडत होते आणि तेच तेच म्हणत होते. कोपऱ्यातला दिवा हिरवा झाला. बऱ्याच वेळानं अक्काचे कोरडे ओठ हलले.

"चल," ती पुटपुटली. "चप्पल घाल आधी."

दुपारी तिला उशांना टेकवून बसवलं होतं. खिडकीतून सरोवर दिसत होतं. सुटा झालेला बर्फ नदीच्या दिशेनं सरकत होता. स्टॅननं मऊ, करड्या कळ्यांच्या विलो झाडाच्या फांद्या आणून पेल्यात ठेवल्या होत्या. इकडे वसंतात आणतात तशा. अक्का चमच्याचमच्यानं कोमट पाणी पीत होती. विलासरावांनी घसा खाकरला.

"अक्का, दाजींना जरा बरं न्हवतं..."

"विलास, गप बस," ती म्हणाली.

"तिथं खाली कुणीतरी ह्यांच्या आवाजात मला नावानं हाका मारत हुतं," ती हळूहळू बोलू लागली. "लगीन झाल्यापासनं ह्यांनी कधी नाव घेतलं व्हय माझं? तिथंच कळलं मला, हे न्हाईत. असते तर दुसऱ्या कुणाला बोलू दिलं असतं काय? मग मी म्हटलं, वर जाऊन तरी काय करायचं. निघालो परत."

आवाज बांधला होता तो तिला वाचवायला.

"मग तू रडायला लागलास," अक्का म्हणाली. "लई तरास दिलास बघ जन्मभर." तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "कसे गेले?"

"बर्फ काढताना. लगेच. तरास झाला न्हाई."

"हे खरं सांगतोयस का माझ्यासाठी?"

"खरं. स्टॅनला विचार."

विलासराव मोजे घेऊन तिच्या पायांशी बसले. छातीशी असलेल्या खिशात त्यांच्या स्वतःच्या हृदयाच्या गोळ्या होत्या. वाकलं की त्या डबीचा खळखळ आवाज व्हायचा. अक्कानं तो ऐकला.

"पुढल्या थंडीत झोपलो न्हाई, तर ही मूत्रपिंडं त्यापुढचा वसंत दाखवायची न्हाईत," ती म्हणाली. "पण तुझ्याबरोबर एक दिवाळी तरी जागेपणी हुईल. आणि झोपलो, तर हाक मारायला कोल्हापुरातनं येणार तू. येशील न्हवं? असशील न्हवं?"

विलासरावांनी एक मोजा चढवला आणि दुसरा हातात घेतला. पाय अजून गारच होता. तो दोन्ही हातांत धरून ते चोळत राहिले.

"आता थोरला तूच," अक्का म्हणाली. "तूच सांग, दादा. झोपू का नको?"